वजन वाढलेल्या आठवड्यातही यावंसं वाटेल असा गट: सोबतीने वजन कमी करण्याची सविस्तर पद्धत

आमच्या पहिल्या गटात भिंतीवर एक मोठा तक्ता लावलेला होता. डावीकडे चौदा जणांची नावं, वरच्या ओळीत आठवडे. प्रत्येकाने सगळ्यांसमोर काट्यावर उभं राहायचं, मी आकडा मोठ्याने वाचून तक्त्यात लिहायचा आणि वजन उतरलं असेल तर टाळ्या. पहिले चार आठवडे टाळ्यांवर टाळ्या पडल्या. सहाव्या आठवड्यात एक ताई दारातच उभ्या राहिल्या. खांद्यावरची पिशवीही त्यांनी उतरवली नव्हती. "आज मी वजन नाही केलं तर चालेल का?" त्यांनी विचारलं. मी सहज म्हटलं, "अहो, या ना, त्यात काय एवढं!" काट्याने ९०० ग्रॅम वाढ दाखवली. मी आकडा लिहिला. टाळ्या अर्थातच झाल्या नाहीत. त्या दोन-तीन सेकंदांची शांतता मला अजून ऐकू येते. ताई पुन्हा आल्या नाहीत, आणि दहाव्या आठवड्यापर्यंत आम्ही चौदाचे आठ झालो होतो.

तक्ता मी त्यानंतर काढून टाकला. तेव्हापासून वजन कमी करण्याचा कोणताही गट मी एकाच कसोटीवर तपासते: ज्याचं वजन वाढलंय तो माणूस त्या आठवड्यात येतो का? खाली दिलेली प्रत्येक पायरी याच कसोटीला घासून ठरवलेली आहे.

सोबत नेमकं काय करते

नव्याचे नऊ दिवस कुणालाही जमतात. त्या दिवसांत काटा भराभर खाली येतो, कपडे सैल होतात, लोक विचारपूस करतात. गटाची खरी गरज पुढे लागते, काटा हलेनासा झाला आणि विचारणारं कुणी उरलं नाही की.

अमेरिकेतल्या रीना विंग आणि रॉबर्ट जेफ्री या संशोधकांनी १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही जणांना त्यांनी एकेकटं घेतलं, काहींना मित्रमैत्रिणींसह घेतलं आणि एकमेकांना आधार कसा द्यायचा हेही शिकवलं. एकट्याने आलेल्या आणि नेहमीचा कार्यक्रम मिळालेल्या लोकांपैकी ७६ टक्क्यांनी कार्यक्रम पूर्ण केला. सोबत आलेल्या आणि आधाराचं शिक्षण मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ९५ टक्के होतं. चौथ्या ते दहाव्या महिन्यापर्यंत उतरवलेलं वजन पूर्णपणे टिकवणारे पहिल्या गटात २४ टक्के होते, दुसऱ्यात ६६ टक्के. सोबतीचा फायदा टिकवण्याच्या टप्प्यावर जास्त दिसतो, आणि बहुतेक जण घसरतात ते तिथेच.

"मला चारचौघांत बोलायला आवडत नाही, माझं मी बघेन" असं म्हणणाऱ्यांसाठी २००१ चा एक अभ्यास सांगते. त्यात लोकांना आधीच विचारलं होतं, एकट्याने मार्गदर्शन हवं की गटात? ज्यांना एकट्याने हवं होतं, त्यांचंही वजन गटात जास्त उतरलं. आवडनिवड बाजूला ठेवून दोन-तीन बैठकांना बसून बघा, एवढंच माझं सांगणं.

या सगळ्याची एक जुनी गोष्ट मला फार जवळची वाटते. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जीन नाइडेच या गृहिणी वजन कमी करण्याच्या सरकारी केंद्रात जात होत्या. वजन उतरत होतं, पण घरी त्या चोरून बिस्किटं खायच्या आणि केंद्रात ते सांगायची हिंमत होत नव्हती. शेवटी त्यांनी सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं. मग मैत्रिणीही आपापलं सांगू लागल्या. त्या बैठकांमधूनच १९६३ मध्ये 'वेट वॉचर्स' ही संस्था उभी राहिली. सुरुवात झाली ती लपवलेली चूक मोकळेपणी सांगता येईल अशा खोलीतून.

पायरी १: माणसं निवडा

सहा ते दहा जण पुरेत. तासाभराच्या बैठकीत दहा जणांना प्रत्येकी तीन मिनिटं मिळतात. त्याहून जास्त माणसं झाली की दोघं-तिघंच बोलतात आणि बाकीचे श्रोते होतात. सहापेक्षा कमी असतील तर दोन जण गैरहजर राहिले की बैठकच बारगळते.

आधी दोघं-तिघं जमवा आणि त्यांनी आपापल्या ओळखीतून एकेक माणूस आणावा. सगळ्यांचं वजन सारखं असायची गरज नाही. वेळ मात्र जुळायला हवी. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी येऊ शकणारा साधा माणूस हा उत्साहाने उसळणाऱ्या पण दर आठवड्याला वेळ बदलून मागणाऱ्या माणसापेक्षा गटाच्या कितीतरी जास्त कामाचा असतो.

नवरा-बायको एकाच गटात असावेत का, हे नेहमी विचारलं जातं. माझा अनुभव असा की असावेत, पण भिडू म्हणून, म्हणजे रोज एकमेकांची चौकशी करणारी जोडी म्हणून, एकत्र नसावेत. घरातली कुरबुर बैठकीत यायला वेळ लागत नाही.

सुरुवातीलाच प्रत्येकाला विचारा की काही आजार, काही औषधं चालू आहेत का. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना भेटायलाच हवं, कारण डोस तोच राहिला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. रक्तदाबाच्या औषधांचंही तसंच. गरोदर स्त्रियांनी वजन कमी करण्याच्या मागे लागू नये. ज्यांना पूर्वी खाण्याशी संबंधित मानसिक आजार झाला आहे, त्यांना आधी तज्ज्ञांची मदत हवी. आपला गट त्यांच्यासाठी पुरेसा नाही, हे प्रेमाने पण स्पष्ट सांगा.

पायरी २: पहिल्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा

पहिली गोष्ट म्हणजे ध्येय. "वीस किलो उतरवायचेत" हे ध्येय ऐकायला जबरदस्त वाटतं आणि तिसऱ्या महिन्यात त्याचंच ओझं होतं. पहिलं ध्येय आत्ताच्या वजनाच्या ५ टक्के ठेवा. ८० किलोच्या माणसासाठी ४ किलो. हे क्षुल्लक वाटत असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. मधुमेहाचा धोका असलेल्या लोकांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. तिथे ध्येय होतं फक्त ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. तेवढ्यावर सरासरी तीनेक वर्षांच्या काळात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा चांगला वेग आहे. त्याहून वेगाची घाई गटात कुणी करत असेल तर त्याला सावकाश घ्यायला लावा.

या ध्येयासोबत प्रत्येकाने आठवड्यासाठी एक कृती निवडायची. ती आपल्या हातातली हवी. किलो किती उतरणार हे आपल्या हातात नसतं, आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालणं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे मुदत. "बघू, जमेल तितकं" म्हणून सुरू झालेले गट सहा आठवड्यांत विरतात. मी २४ आठवडे ठरवते, आणि त्यानंतर पुढे न्यायचं की नाही हे सगळे मिळून ठरवतो. मुदत लांब असावी याला आधार आहे. इंग्लंडमध्ये १,२०० हून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही जणांना १२ आठवड्यांचा गट-कार्यक्रम मिळाला, काहींना ५२ आठवड्यांचा. वर्षाअखेरीस पहिल्यांचं वजन सरासरी पावणेपाच किलोंनी कमी होतं, दुसऱ्यांचं पावणेसात किलोंनी.

तिसरी गोष्ट, इथलं बोलणं इथेच राहील. हे प्रत्येकाने तोंडाने म्हणावं. मनातल्या मनात मान्य करणं पुरत नाही.

पायरी ३: काट्याशी नीट वागा

वजन करायचं, पण खाजगीत. काटा शेजारच्या खोलीत किंवा आडोशाला ठेवा. प्रत्येकाने स्वतः बघून आपल्या वहीत लिहायचं. आकडा सांगायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. काटा तोच, वेळ साधारण तीच, कपडे हलके. कुणी घरीच सकाळी उठल्यावर वजन करत असेल तर उत्तमच.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे आकडा कसा वाचायचा हे पहिल्याच बैठकीत सगळ्यांना समजावून द्या. मी हे गणित फळ्यावर मांडते. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. म्हणजे एका रात्रीत एक किलो चरबी चढायची तर गरजेपेक्षा ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतील. एवढं कुणी खात नाही. मग काल रात्रीच्या समारंभानंतर सकाळी काटा दीड किलो वर का? बहुतेक ते पाणी असतं. खारट खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं. स्नायूंमध्ये आणि यकृतात ग्लायकोजेन नावाची साखर साठवलेली असते, तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. पाळीच्या आधी काही स्त्रियांचं वजन पाण्यामुळेच किलो-दीड किलोने वाढतं. सवय नसलेला जोराचा व्यायाम केला तरी दुखऱ्या स्नायूंमध्ये पाणी साठतं.

हेच गणित उलट बाजूनेही सांगा. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून हुरळून गेलेल्या माणसाला कळायला हवं की त्यातला मोठा भाग पाण्याचा आहे. हे आधी कळलं नाही तर तिसऱ्या आठवड्यात ३०० ग्रॅम उतरल्यावर त्याला वाटतं, आपलं काहीतरी बिघडलं. ३०० ग्रॅम हीच खरी कमाई असते.

म्हणून आठवड्याचा आकडा लिहायचा, पण निष्कर्ष चार आठवड्यांचा कल बघून काढायचा. महिन्यातून एकदा कंबरेचा घेर टेपने मोजा. काटा थांबलेला असताना टेपवर घेर कमी झालेला अनेकदा दिसतो.

भिंतीवरच्या तक्त्यावर आता आम्ही हजेरी लिहितो.

पायरी ४: बैठक अशी चालवा

पहिली दहा मिनिटं ज्याला वजन करायचं त्याने करावं. मग सगळे गोलाकार बसतात आणि प्रत्येक जण तीन प्रश्नांची उत्तरं देतो. या आठवड्यात काय जमलं? कुठे अडलं? पुढच्या आठवड्यात कोणती एक गोष्ट करणार? क्रम मुद्दाम असा आहे. जे जमलं ते आधी सांगितलं की अडलेलं सांगताना आवाज दबत नाही.

सगळ्यात कडक नियम सल्ल्याचा. बोलणाऱ्याचं झाल्यावर आधी विचारायचं, "सल्ला हवाय की नुसतं ऐकायचंय?" वजनाच्या बाबतीत फुकटचे सल्ले माणसाने जन्मभर ऐकलेले असतात. गटातही तेच मिळालं तर तो इथे का येईल?

सल्ला मागितला तर मात्र सगळ्यांनी मिळून खोलात जायचं. एक दादा सांगत होते की काम संपवून रात्री अकराला घरी येतो, आणि स्वयंपाकघरात दिवा न लावता उभ्या उभ्या भांड्यातूनच खातो. "कळतं मला, पण हात थांबत नाही." कुणी त्यांना मनावर ताबा ठेवा असं सांगितलं नाही. समोरच्या ताईंनी विचारलं, "दुपारी जेवल्यानंतर अकरापर्यंत काय खाता?" काहीच नाही. दुपारी एक ते रात्री अकरा, दहा तास पोट रिकामं! प्रश्न मनाच्या दुबळेपणाचा नव्हताच. संध्याकाळी सहा वाजता कामाच्या जागीच पोटभरीचं काहीतरी खायचं आणि रात्री ताट वाढून, दिवा लावून, बसून जेवायचं असं ठरलं. पुढच्या आठवड्यात पाच दिवस जमलं होतं.

पुढच्या आठवड्याची गोष्ट ठरवताना ती "जर-तर" मध्ये बोलायला लावा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी या पद्धतीचा बराच अभ्यास केला आहे. "संध्याकाळी चालेन" हे हवेत राहतं. "ऑफिसातून निघायला सात वाजून गेले, तर घरी न जाता थेट अर्धा तास चालून मगच घरी जाईन" हे जमिनीवर येतं. अडचण येणारच हे धरून आधीच वाट ठरवली की ऐनवेळी विचार करावा लागत नाही.

बैठक वेळेवर संपवा. लांबलेल्या बैठकीला पुढच्या वेळी माणसं कमी येतात.

पायरी ५: प्रत्येकाला एक भिडू

दोन बैठकांच्या मधले सहा दिवस मोकळे असतात, आणि घसरण त्यातच होते. म्हणून जोड्या लावा. भिडूने रोज एक फोन किंवा एक संदेश करायचा, एका मिनिटाचं काम. "आज काय काय खाल्लंस?" हा प्रश्न नको, कारण त्यात पोलिसी वास येतो आणि समोरचा खोटं बोलायला शिकतो. "आज चालायला किती वाजता जाणार?" हा प्रश्न चांगला. दर सहा आठवड्यांनी जोड्या बदला. रागलोभ साचत नाहीत आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी ओळख होते.

मोबाइलवर गट करायचा असेल तर जरूर करा, पण तिथे जादूचे काढे, चमत्कारी पावडरी आणि आधी-नंतरचे फोटो पुढे ढकलायला बंदी घाला. दिवसअखेर एक ओळ पुरते: आज काय जमलं किंवा कुठे अडलं.

पायरी ६: खाडा पडल्यावर

गट टिकतो की मोडतो हे इथे ठरतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

खाडा बहुतेकदा वेळ नव्हता म्हणून पडत नाही. आठवडा वाईट गेलेला असतो आणि तोंड दाखवायची लाज वाटते. एक बैठक चुकते. दुसऱ्या बैठकीला जायचं तर पहिलीचं कारण सांगावं लागेल, म्हणून तीही चुकते. तिसऱ्या आठवड्यात माणूस स्वतःच ठरवून टाकतो की आपलं नाव आता तिथून कमी झालं असेल. त्यामुळे गटाने काय करायचं ते पहिल्या खाड्यालाच करायचं.

बैठक संपल्यावर त्याच दिवशी भिडूने संदेश पाठवायचा. आमचे शब्द ठरलेले आहेत: "आज तुमची जागा रिकामी होती. पुढच्या आठवड्यात वाट बघतोय. वजन करायचं नसेल तरी या." यात कारण विचारलेलं नाही, आणि वजनाचा अडसर आधीच बाजूला केलेला आहे. दुसरा खाडा पडला तर फोन. तिसऱ्या खाड्याला, जमत असेल तर, घरून सोबत घेऊन या.

परत आलेल्या माणसाला पहिलं वाक्य काय ऐकू येतं याला फार महत्त्व आहे. "कुठे होता इतके दिवस?" हे प्रेमाने म्हटलं तरी ते टोचतं. "बरं झालं आलात" म्हणा आणि खुर्ची पुढे करा. त्याच्यासाठी वेगळं भाषण नको, कौतुकाचा समारंभ नको. त्याची पाळी आली की तेच तीन प्रश्न.

गट चालवणाऱ्याने स्वतःचे वाईट आठवडे सांगायला हवेत. माझं वजन मधल्या एका आजारपणानंतर सहा किलो वाढलं होतं, ते मी बैठकीत आकड्यासह सांगितलं. त्या दिवशी नेहमी गप्प बसणारे दोघं पहिल्यांदा बोलले.

पैजा आणि बक्षिसं

"सगळ्यात जास्त कोण उतरवतं बघू" ही कल्पना प्रत्येक गटात कधी ना कधी येते. माझा तिला ठाम विरोध आहे. आम्ही एकदा केलं होतं. शेवटच्या दोन दिवसांत दोघांनी पाणी जवळपास बंद केलं होतं, एकाने जेवण सोडलं होतं. यादीत खाली असलेले लोक शेवटच्या बैठकीला आलेच नाहीत.

चुरस हवीच असेल तर सगळ्यांची मिळून एक संख्या धरा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. आठ जणांचा गट असेल तर आठवड्याची १,२०० मिनिटं झाली. कुणी आजारी असेल तर बाकीचे त्याची मिनिटं भरून काढतात.

पायरी ७: काटा थांबतो तेव्हा

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात कधीतरी बहुतेकांचा काटा थांबतो. ही बातमी गटाला आधीच द्या. हलक्या शरीराला कमी ऊर्जा लागते, भूक वाढते, आणि वाढून घेण्याचं प्रमाण नकळत सैल होतं. तेव्हा एक आठवडा सगळ्यांनी मिळून रोज काय आणि किती खाल्लं हे वहीत काळजीपूर्वक लिहा. बहुतेक वेळा गळती तिथेच सापडते. स्नायूंच्या व्यायामात खंड पडला असेल तर तो सुरू करा. महिनाभर काहीच हललं नाही तरी घाबरून उपाशी राहू नका. उतरलेलं वजन महिनाभर टिकवणं हेही मोठं काम आहे, आणि बैठकीत "काय जमलं?" याच्या उत्तरात ते अभिमानाने सांगायचं.

कुणी जेवण लपवतंय, खाऊन उलट्या काढतंय, सतत चक्कर येतेय, किंवा कमी वजनाच्या ध्यासाने झोप उडालीय असं दिसलं तर तो विषय गटाचा राहत नाही. एकट्याला बाजूला घेऊन बोला आणि डॉक्टरांकडे सोबत जा.

पायरी ८: २४ आठवड्यांनंतर

अमेरिकेत १९९४ मध्ये रीना विंग आणि जेम्स हिल यांनी एक नोंदवही सुरू केली. किमान १३.६ किलो उतरवून ते वर्षभर टिकवलेल्या लोकांची त्यात नोंद होते. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. म्हणजे ध्येय गाठल्यावरही काटा माळ्यावर टाकायचा नाही.

बैठका आठवड्यावरून पंधरवड्यावर आणि मग महिन्यावर न्या. जोड्या मात्र मोडू नका. प्रत्येकाने आपल्या वहीत एक वरची रेघ आखायची, आत्ताच्या वजनापेक्षा दोन किलो वर. पाण्याचे चढउतार धरूनही दोन आठवडे ती रेघ ओलांडलेली दिसली, तर त्याच दिवशी भिडूला फोन करायचा. "आधी थोडं उतरवते, मग सांगते" असं म्हणत थांबायचं नाही. आमच्याकडे असा फोन आला की पलीकडचा माणूस किती वाढलं हे विचारत नाही. तो विचारतो, "उद्या सकाळी किती वाजता निघायचं?"